हमालांची पंगत

घर बदलताना सामान उचलायला आलेल्या माणसांशी कसं वागावं, यावर इकडे मालव्यात, आमच्या फ्रीगंजच्या गल्लीत, दोन पंथ आहेत. पहिला पंथ खालच्या मजल्यावरच्या अण्णांचा. त्यांचं म्हणणं, "पाणी मागितलं तर पाणी द्यायचं, आणि चहा मागितला तरी पाणीच द्यायचं. डोक्यावर बसवलं की संपलं." दुसरा पंथ समोरच्या सुनंदावहिनींचा. त्यांच्या मते चहा न मिळालेला हमाल फ्रिज जिन्याच्या कठड्याला घासत नेतो, आणि नाश्ता न मिळालेला हमाल काचेच्या कपाटाकडे बघून नुसता हसतो. पुढचं त्या सांगत नाहीत, पण ऐकणारा उठून चहाचं आधण ठेवतो.

मी दोन्ही बाजूंचं ऐकून घेऊन मधला मार्ग काढायचा विचार केला होता. बँकेत मी हेच करतो. पण तिसरा पंथ माझ्याच घरात निघाला, आणि तो माझी थोरली बहीण अक्का एकटी चालवत होती.

अक्का निवृत्त मुख्याध्यापिका. तिचं म्हणणं असं, की उंबरठा ओलांडून आत आला तो पाहुणा; मग तो सत्यनारायणाला आलेला असो की सोफा न्यायला. आमचे पूर्वज म्हणे शिंदे सरकारच्या मुदपाकखान्यात होते. तिथे ते नेमकं काय करत होते हे अक्का सांगत नाही, आणि विचारायची आमच्यात पद्धत नाही. पण कुणाला जेवू घालायची नुसती चाहूल लागली तरी त्या पूर्वजांचं रक्त तिच्या अंगात उसळतं, आणि ते शांत होईपर्यंत मला बाजाराच्या फेऱ्या घालाव्या लागतात.

मला स्वतःला त्या दिवसाकडून फार काही नको होतं. त्या रात्री आपण आपल्या घरात, आपल्या पलंगावर झोपावं, एवढंच. वडिलांची सगळी हयात भाड्याच्या घरात गेली आणि माझी पन्नाशीही. भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारायचं, आणि ठोकल्यावर मालक येऊन तो किती आत गेलाय हे बघून जाणार, या जगण्याला मी विटलो होतो. नानाखेड्याला चौथ्या मजल्यावर फ्लॅट झाला तेव्हा मी आधी एका कोऱ्या भिंतीवरून नुसता हात फिरवला होता. मंगलाने, म्हणजे माझ्या बायकोने, "रंग ओला आहे अहो," म्हणेपर्यंत.

अडचण एवढीच होती, की त्या रात्रीपर्यंत पोहोचायला संध्याकाळच्या सहाचा अडसर ओलांडायचा होता. नव्या सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्र मुळे यांनी मला फोन करून बजावलं होतं, "माल सहाच्या आत. मजूर सहाच्या बाहेर. सहा म्हणजे सहा." इकडे आमचे जुने घरमालक गोपाळकृष्ण दाते यांनी नवे भाडेकरू त्याच संध्याकाळी बोलावले होते. आणि लोडिंग गाडीच्या ड्रायव्हरला रात्री देवासचा माल भरायचा होता. म्हणजे सहा टळले की इथलं दार बंद, तिथलं फाटक बंद, आणि मधल्या रस्त्याच्या कडेला आमचं संपूर्ण बिऱ्हाड, पलंगासकट.

सकाळी मांगीलाल आपली तीन माणसं घेऊन आला. पन्नाशीचा, गळ्यात गमछा, बोलणं कमी. त्याने घरभर एक नजर फिरवली आणि म्हणाला, "बाऊजी, कईं चिंता नी. दोपहर तक खाली." त्याच्या माणसांत कैलाश नावाचा एक होता, त्याला दारातून आत यायला जरा तिरकं व्हावं लागलं. पाठीला पट्टा बांधून तो एकटा कपाट उचलतो, असं मांगीलालने सांगितलं, आणि कैलाशने स्वतःची स्तुती चालू असताना जसं खाली बघायचं असतं तसं खाली बघितलं. त्याला मान लागतो, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

त्यांनी सोफ्यापासून सुरुवात केली. सोफा खाली गेला, गाडीत चढला. मी मनात म्हटलं, झालं. आणि त्याच वेळी आतून अक्काचा आवाज आला, "विनू, चहाशिवाय कामाला लावलंस त्यांना?"

चहाची तयारी मंगलाने ठेवली होती. एक छोटा गॅस, एक पातेलं, आणि डिस्पोजल कपांची एक चळत. अक्काने ती चळत दोन बोटांनी उचलून माझ्यासमोर धरली.

"हे काय?"

"कप."

"आपण स्टीलच्या भांड्यातून प्यायचं आणि बाहेरच्या माणसाला कागद? शिकलास ना तू? कॉलेजात समतेवर भाषण करून बक्षीस आणलं होतंस."

हे खरं होतं. त्या बक्षिसाचा कपसुद्धा कुठल्यातरी खोक्यात बांधलेला होता. माणसाने तरुणपणी भाषणं करू नयेत. ती कुणाच्या ना कुणाच्या लक्षात राहतात.

तेव्हा निळ्या फुलांचे चिनी मातीचे कप काढायचं ठरलं. ते मंगलाने एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळून, 'नाजूक' लिहिलेल्या खोक्यात भरले होते, आणि ते खोकं सगळ्यांत खाली होतं. वरची खोकी उतरवली. नाजूक उघडलं. मंगलाने सुटलेल्या वर्तमानपत्रांच्या नीट घड्या घालून ठेवल्या, परत लागतील म्हणून. 

चौघेही भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. अक्काला ते दिसलं. "खाली का बसले? विनू, सोफा कुठाय?"

"गाडीत."

"मग?"

सोफा परत वर आला. कैलाश आणि मांगीलालने तो आणला, ठेवला आणि आपणच आणलेल्या सोफ्यावर ते अवघडून बसले. मांगीलालने कपबशी अशी धरली होती, जसं कुणी दुसऱ्याचं तान्हं बाळ हातात दिलं की धरतात. कैलाशने हळूच विचारलं, "माताजी, डिस्पोजल नी है क्या?"

"अरे बेटा, संकोच मत करो. अपने ही घर जैसा समझो."

त्यांनी घामाघूम होत चहा संपवला. कप एकही फुटला नाही. एक मी विसळताना फोडला.

मग मी टॉवर चौकातून पोहे आणि जिलेबी आणली. पोहे, वर शेव, वर जीरावन मसाला. हे सुनंदावहिनींच्या पंथाप्रमाणेही आवश्यकच होतं. खरं सांगायचं तर त्यानंतर काम असं काही झपाझप झालं, की माझा वहिनींवर विश्वास बसला. पलंग सुटा होऊन खाली गेला, फ्रिज कठड्याला न घासता गेला, पुस्तकं गेली. उन्हं वर यायच्या आत दोन खोल्या रिकाम्या झाल्या. उरलं होतं ते एक लोखंडी कपाट आणि किरकोळ सामान. अण्णा खालून वर आले, कंबरेवर हात ठेवून बघत राहिले आणि नाइलाजाने म्हणाले, "बरे दिसताहेत."

तेवढ्यात मला धुराचा वास आला.

वास गच्चीवरून येत होता. मी धावत वर गेलो. गच्चीच्या मधोमध घमेल्यासारख्या तगारीत गोवऱ्या पेटल्या होत्या, आणि त्यांच्या राखेत अक्का एकाग्रतेने बाफले उलटत होती.

मालव्याच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बाफला म्हणजे कणकेचा मोठा गोळा. तो आधी उकडतात, मग गोवऱ्यांवर भाजतात, मग फोडून तुपात बुडवतात; तूप वर लावत नाहीत, बुडवतात. सोबत डाळ, कढी, हिरवी चटणी आणि त्याच बाफल्याचा कुस्करून केलेला लाडू. या जेवणानंतर माणूस उभा राहू शकतो की नाही, याचा प्रयोग आमच्याकडे कुणी केलेला नाही, कारण प्रयोग करणारे आधी जेवतात.

"अक्का, हे कशाला?"

"दुपार होईल त्यांना. उपाशी पोटी कपाट उचलायला लावशील?"

"त्यांनी डबे आणलेत!"

"दुसऱ्याच्या घरी डबा घेऊन यायची वेळ आली बिचाऱ्यांवर," अक्का म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. धुरानेही असतील.

पुढचा तास मी आठवणार नाही असं ठरवलं होतं, पण लिहायचं म्हटल्यावर आठवावा लागतो. डाळीला मोठं पातेलं हवं होतं; ते गाडीत होतं. तुपाचं भांडं हवं होतं. ते पातेल्याच्या पोटात होतं. ताटं, वाट्या, डाव, बसायला सतरंजी, सगळं गाडीत होतं. मांगीलालची माणसं प्रत्येक वस्तूसाठी खाली जात होती, खोकी उतरवत होती, वर आणत होती. गाडीचा ड्रायव्हर खालून ओरडला, "भिया, माल चढ रिया है के उतर रिया है?" मी डाव शोधायला पुढच्या खोक्यात डोकं घातलं.

रिकाम्या हॉलमध्ये पंगत बसली. चार ताटं, ताटाभोवती रांगोळीची एकेक रेघ, आणि फरशीच्या सांध्यात खोचलेली उदबत्ती. अक्का वाढत होती, मंगला तूप ओतत होती, मी पाणी. सहाचं घड्याळ आता माझ्या डोक्यात नुसतं टिकटिकत नव्हतं, ठोके देत होतं. पण माझ्या लक्षात एक भयंकर गोष्ट येत होती. सकाळी मी "चलो भाई, जरा जल्दी," असं म्हणू शकत होतो. आता माझ्या तोंडून शब्द फुटेना. जेवत्या पाहुण्याला घाई करा म्हणायचं कसं? आमच्या घरात ते कुणी केलेलं नाही. मी त्यांच्यासमोर तांब्या घेऊन उभा होतो आणि माझ्याच घरातून माझंच सामान हलवा म्हणायची मला लाज वाटत होती.

आणि अक्काचा आग्रह चालू होता. मराठी आग्रह आणि मालवी बाफला यांची गाठ ज्याने पहिल्यांदा घालून दिली, त्याला माणसाच्या पोटाबद्दल काहीच माहिती नसावी. "एक लो." "नी, माताजी, बस." "मेरे हाथ का एक." "माताजी, पेट फट जायगो." "पेट फटने से कोई नहीं मरता, लो." लाडवांची दुसरी फेरी सुरू झाली. अक्का मांगीलालपासून निघाली, दोघांना वाढून कैलाशपाशी पोहोचली, लाडू हातात घेतला, आणि त्याच क्षणी घरमालक दाते दारात येऊन गरजले, "गच्चीवर होळी कुणी पेटवली?"

अक्का वळली. दातेंना तिने दोन वाक्यांत गार केलं आणि एक लाडू खायला लावला. मग ती परत फिरली, पण कैलाशला वाढून झालं असं समजून पुन्हा मांगीलालच्या टोकापासून, आणि हातातलं ताट कैलाशच्या अलीकडेच रिकामं झालं. मांगीलालला तिसरा लाडू मिळाला. कैलाशला दुसराही मिळाला नाही.

हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. कैलाशच्या आलं.

जेवणं झाली. मी हात धुवायला पाणी घातलं, बडीशेप दिली आणि आडून आडून म्हणालो, "तो फिर... कपाट?" मांगीलालने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. मग तो सतरंजीवर कलंडला. त्याच्या शेजारचे दोघे आधीच कलंडले होते. मी वाकून हाक मारली तेव्हा त्याने डोळे न उघडता सांगितलं, "बाऊजी, बाफले खा के तो बारात नी उठे. ये तो अलमारी है."

माझी सगळी आशा आता कैलाशवर. तोच कपाट उचलणारा, पट्टाही त्याचाच. तो घरात नव्हता. जिन्याच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसला होता.

"कैलाश भाई, चलें?"

"जिनको खिलाया, उनसे उठवा लो."

मी आत येऊन मंगलाला सांगितलं. मंगला बाहेर जाऊन आली आणि म्हणाली, "तो जेवताना अर्ध्यावर उठला म्हणतोय. मला काही कळलं नाही." अण्णा वर आले आणि जे म्हणायला आले होते ते म्हणाले: "मी सांगितलं होतं. आता काय करून राहिलात तुम्ही? दुप्पट मजुरी कबूल करा, उठेल." मी तेही करून पाहिलं. कैलाशने मान आणखी पलीकडे वळवली आणि म्हणाला, "पइसे की बात कर रिये हो? आदमी की बात करो."

निदान सुनंदावहिनींनी केलं. त्या त्यांच्या दारातूनच सगळं बघत होत्या. "अहो, हा रुसवा आहे! माझ्या भाचीच्या लग्नात मुलाचे काका असेच मांडवाबाहेर जाऊन बसले होते. आग्रह राहिलाय त्याला. घरच्या कर्त्या पुरुषानं जाऊन स्वतःच्या हातानं घास भरवल्याशिवाय हे सुटत नाही."

"कर्ता पुरुष कोण?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ घेऊन पाहिलं, पण पाहिलं.

माझ्या सहीसाठी बँकेत माणसं टेबलाशी ताटकळत उभी असतात. तो मी फ्रीगंजमधल्या जिन्यावर, दोन पायऱ्या खाली उतरून, डाव्या हातात ताटली आणि उजव्या हातात लाडू घेऊन, एका धिप्पाड माणसाच्या बंद तोंडासमोर उभा राहिलो. "लो ना, कैलाश भाई."

"नी."

"मेरी कसम."

"आपने तो देखा भी नी उस टाइम."

"गलती हो गई. माफ करो."

याच वेळी पुण्याहून अपूर्वचा, माझ्या मुलाचा, व्हिडिओ कॉल आला आणि मंगलाने, बाबांनाच विचार म्हणून, फोन माझ्याकडे वळवला. "बाबा, सामान गेलं का?" असं विचारायला त्याने तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं. मग तो म्हणाला, "तुम्ही... कामात आहात. मी नंतर करतो."

कैलाशने लाडू खाल्ला. मग डोळे पुसले. मग म्हणाला, "माताजी के हाथ का भी एक." अक्काने त्याला तिच्या हातचे दोन भरवले. माझ्या मनात एक भीती येऊन गेली, आणि ती खरी ठरली. कैलाश समाधानाने उठला, पट्टा उशाला घेतला आणि मांगीलालच्या शेजारी आडवा झाला.

ते उठले तेव्हा गच्चीवरच्या गोवऱ्या विझून थंड झाल्या होत्या. उठल्यावर चहा झाला. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. गाडी पुन्हा भरेपर्यंत नवे भाडेकरू त्यांची गाडी घेऊन दारात आले. त्यांच्या हमालांनी आमच्या हमालांच्या हातांवरचं तूप पाहिलं, वरून येणारा डाळीचा वास घेतला आणि मग सावकाश आपल्या मालकाकडे पाहिलं. त्या नजरेसाठी तो गृहस्थ मला जन्मभर माफ करणार नाही.

मी गाडीत पुढे, ड्रायव्हर आणि मांगीलालच्या मधे बसलो; कैलाश आणि बाकीचे दोघे मागे सामानात. मंगला आणि अक्का रिक्षाने पुढे गेल्या. सिंहस्थ जवळ येतोय म्हणून शहरात जिकडे तिकडे रस्ते खोदलेले; नेहमीच्या वाटेवर खड्डा होता आणि खड्ड्याला वळसा घालणाऱ्या वाटेवर दुसरा. प्रत्येक गचक्याला मागे काहीतरी वाजत होतं, आणि आवाजावरून वस्तू ओळखायचा मी प्रयत्न करत नव्हतो. उन्हं उतरली. मांगीलालने गमछ्याने हात पुसले. मग म्हणाला, "बाऊजी, एक बात कऊं? बुरा मत मानना. आप हमको मजदूर ही रेने देते, तो अब तक सामान लग गया होता."

बुरा कसला मानणार. मी सकाळपासून तेच म्हणत होतो, फक्त मनात.

सोसायटीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते आणि शरच्चंद्र मुळे स्वतः तिथे उभे होते. इस्त्रीचा पांढरा झब्बा, हातात किल्ली. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे. त्यांना वाईट वाटत होतं, पण वाईट वाटून घेतल्यावर काय करायचं हे त्यांच्या नियमात नव्हतं.

"तुम्ही आत येऊ शकता, विनायकराव. माल आणि मजूर उद्या सकाळी."

"अहो, ड्रायव्हर थांबणार नाही. तो सामान इथे रस्त्यावर उतरवेल!"

"रस्ता सोसायटीचा नाही," मुळे म्हणाले. ते सांत्वन होतं की माहिती, मला कळलं नाही.

ड्रायव्हरने मागची फळी खाली पाडली. पहिलं खोकं रस्त्यावर आलं. त्यावर मंगलाच्या अक्षरात 'देव' लिहिलेलं होतं. मंगला फाटकाच्या गजाला धरून उभी होती. मी माझ्या चौथ्या मजल्याकडे पाहिलं. पहाटे येऊन कलश ठेवताना लावलेला दिवा खिडकीत दिसत होता, की मला दिसतोय असं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं घर होतं, आणि मी त्याच्याकडे भाडेकरूसारखा खालून बघत होतो.

तेवढ्यात मुळे आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पाहुणे असते तर प्रश्न नव्हता. पाहुण्यांना वेळेचं बंधन नाही. त्यांच्या सामानालाही नाही."

"मग हे पाहुणेच आहेत," अक्का म्हणाली.

मुळे हसले. "अक्का, त्या एकाने तर पट्टा बांधलाय."

"मग? पट्टा बांधून पाहुणा येत नाही? सकाळपासून आमच्याकडे आहेत. चहा झाला, पोहे झाले, पंगत झाली, जेवून झोपले, उठून परत चहा घेतला. हा कैलाश," अक्काने त्याचा दंड धरून त्याला पुढे ओढलं, "हा तर रुसलासुद्धा होता."

मुळ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. "रुसला होता? कशावरून?"

"दुसऱ्या लाडवाचा आग्रह राहिला म्हणून. विनूनं घास भरवला तेव्हा उठला."

मुळ्यांनी कैलाशकडे वळून विचारलं, "सच है?"

"हौ साब," कैलाश म्हणाला, आणि आठवणीनेच त्याने मान पलीकडे वळवली. "बुरा तो लगता है ना."

मुळ्यांनी कैलाशला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या घरीही लग्नकार्यं झालेली असणार. शेवटी त्यांनी किल्ली कुलपात घातली. "मजूर रुसत नाही," ते म्हणाले. "या."

मी आनंदाने मांगीलालला खूण केली आणि त्याने खोक्याला हात घातला. मुळ्यांचा आवाज लगेच चढला. "हे काय, विनायकराव? पाहुण्यांना सामान उचलायला लावता? पाहुण्याच्या हातातली पिशवीसुद्धा यजमानानं घ्यायची असते! आमच्या सोसायटीत हे चालणार नाही. त्यांना आधी वर न्या, बसवा."

मी अक्काकडे पाहिलं. अक्काने मान डोलावली. त्यांचं बरोबर होतं.

मुळे तिथून हलणार नव्हते, हे उघड होतं. आम्ही पाहुण्यांना लिफ्टने वर नेलं. त्यांना बसायला म्हणून सोफा आधी आला. एक बाजू मी धरली आणि दुसरी स्वतः मुळ्यांनी, कारण शेजाऱ्याच्या पाहुण्याचं सामान उचलणं त्यांच्या नियमांत बसत होतं. मग फ्रिज. मग खोकी. लोखंडी कपाटाला ड्रायव्हरने हात दिला, देवासची आठवण करून देत. ड्रायव्हर पाहुणा की मजूर, असं मुळ्यांनी मधे एकदा विचारलं. तो दोन्ही नाही, तो चिडलेला आहे, असं मी सांगितलं आणि ते त्यांना पटलं. पुस्तकांची खोकी इतकी जड का असतात, आणि ती आपण का वाचतो, असे बरेच मूलभूत प्रश्न मला लिफ्टमध्ये पडले. कैलाश दोनदा धावून आला. दोन्ही वेळा अक्काने त्याला खांद्याला धरून परत बसवलं. "बस रे बेटा. सुबह से थका है."

शेजारच्या फ्लॅटमध्ये नवीन लोकांकडे पाहुणे आल्याचं कळलं होतं. तिथल्या निहारिकाताई म्हणून बाई ट्रे घेऊन आल्या. चहा पाहुण्यांपुरताच होता.

सगळ्यांत शेवटी पलंग. मुळे कंबर धरून खाली बसले होते, त्यामुळे पलंगाचा डोक्याकडचा भाग मी एकट्यानेच पाठीवर घेतला आणि चौकटीला ठेचकाळत आत आलो. हॉलमध्ये दिवा लागलेला होता. सोफ्यावर चौघे ओळीने बसले होते, समोर मंगला आणि अक्का जमिनीवर, आणि मांगीलाल कुठल्या भिंतीला काय लावलं तर बरं दिसेल हे सांगत होता. मला बघून सगळे बोलायचे थांबले. मला पलंग कुठे ठेवायचा ते कळेना. विचारावं कुणाला, तेही कळेना.

सगळ्यांत आधी कैलाश हलला. सरकून त्याने सोफ्याच्या कडेला वीतभर जागा केली आणि तिथे हात थोपटला.

"बाऊजी, थोड़ा बैठ लो," तो म्हणाला. "अपना ही घर समझो."

मी पलंग भिंतीला टेकवला आणि बसलो. अगदी कडेला.